एक ट्यूनर, तीन अँटेना: काटा १:१ वर असूनही कुणी का ऐकत नाही?

जुळे सोलापुरातल्या एका नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, प्रश्न आहे. गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही डायपोल, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही टोकं उतरती असलेली तार, २० मीटरची (१४ मेगाहर्ट्झ) ग्राउंड प्लेन व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना, आणि जिन्याच्या खोलीपासून कोपऱ्यातल्या कडुलिंबापर्यंत ताणलेली एक लाँगवायर. रेडिओ १०० वॅटचा, त्यात छोटा ऑटो ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवून देणारा भाग) आहेच. शिवाय आता हाताने फिरवायचा मोठा ट्यूनर घेतलाय. डायपोलला खालपर्यंत साधारण ३० मीटर आरजी-५८ केबल आहे, म्हणजे मधे तार आणि भोवती जाळी असलेली बारीक कोॲक्स. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: एकाच ट्यूनरवर तिन्ही अँटेना चालतील का, स्विच ट्यूनरच्या आधी लावायचा की नंतर, आणि डायपोलवर २० मीटरला ट्यूनर फिरवून एसडब्ल्यूआर मीटरचा (जुळणी किती बिघडली ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा १:१ वर, म्हणजे पूर्ण जुळणीवर, आणला तरी कुणी उत्तर का देत नाही, व्हर्टिकलवर मात्र लगेच का देतात.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो नीट समजला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्याल.

तुमचा डायपोल साधारण २० मीटर लांब असणार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगाच्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती २० मीटर १४ सेंटिमीटर येते. या तारेच्या मधोमध ४० मीटर बँडवर साधारण ५० ते ७० ओहम दिसतात, कोॲक्सला ते मानवतात. पण तीच तार २० मीटर बँडवर पूर्ण तरंगाची होते आणि तिच्या मध्यावर दोन-अडीच हजार ओहम दिसतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे ५० ओहमच्या केबलच्या वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर ५० च्या घरात.

आता खाली खोलीत तुमच्या मीटरला काय दिसतं ते बघा. १४ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ मध्ये, सगळं नीट जुळलेलं असतानाही, साधारण १.७ डीबी (डेसिबल, शक्ती किती घटली त्याचं माप) जातात. वर पाठवलेली शक्ती थोडी कमी होऊन पोहोचते, अँटेनावरून परतलेली शक्ती येताना आणखी कमी होते. खालच्या मीटरला परत आलेलं कमी दिसतं, म्हणून एसडब्ल्यूआर ५० ऐवजी ४.७ च्या आसपास दिसतो. ४.७ म्हणजे तुमच्या ट्यूनरला किरकोळ काम. दोन बटणं फिरवली की काटा खाली. रेडिओ खूश, तुम्ही खूश. हिशेब केला तर केबलमध्ये मात्र एकूण साडेदहा डीबीच्या आसपास जातात. १०० वॅटमधले जेमतेम ९ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात, बाकीचे केबल तापवतात.

ट्यूनरने इथे काहीही चुकीचं केलेलं नाही. रेडिओला ५० ओहम दाखवणं एवढंच त्याचं काम आहे आणि ते त्याने केलं. केबलवरचा एसडब्ल्यूआर मात्र होता तिथेच आहे, कारण ट्यूनर केबलच्या खालच्या टोकाला बसलाय आणि बिघाड वरच्या टोकाला आहे.

हे मला पुस्तकातून पटलं नव्हतं, हाताने पटलं. उत्तर कसब्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळवदावर माझाही असाच एक डायपोल होता, अशीच बारीक केबल. एका रात्री २० मीटरवर बराच वेळ मोर्स चालवून उत्तर मिळेना, म्हणून ट्रान्समिशन थांबवून वर गेलो आणि केबलवरून हात फिरवत निघालो. अँटेनाच्या जोडापाशी केबल गार होती. तिथून खाली साधारण साडेतीन मीटरवर ती चक्क कोमट लागली, पुढे पुन्हा गार. चुकून लागलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी परत केलं, तोच प्रकार, तीच जागा. जोडापाशी व्होल्टेज सर्वात जास्त असतं, तिथून केबलमधल्या पाव तरंगावर करंट सर्वात जास्त. केबलमध्ये तरंगाचा वेग हवेतल्या वेगाच्या ६६ टक्के असतो, त्या हिशेबाने पाव तरंग म्हणजे बरोबर साडेतीन मीटर. त्या कोमट जागेने मला जे शिकवलं ते मी अजून विसरलेलो नाही.

जाड केबल घातली तर? आरजी-२१३ ने हाच हिशेब केला तर २० वॅटच्या आसपास वर पोहोचतात. दुप्पट झाले, पण त्या केबलच्या किमतीत दुसरा डायपोल सहज होतो. म्हणून डायपोल कोॲक्सवरच ठेवणार असाल तर त्याला २० मीटरवर वापरू नका. तुमच्याकडे त्या बँडची व्हर्टिकल आहे, ती वापरा. तिला तिथे ट्यूनर लागतच नाही.

तोच डायपोल १५ मीटरवर मात्र जरूर चालवा. ७ चे तीनपट २१, त्यामुळे तिथे तो पुन्हा जुळतो. थोडा सरकून जुळतो एवढंच, कारण टोकांचा परिणाम तिपटीने वाढत नाही आणि जुळणारी जागा बँडच्या थोडी वर जाते. २१.२ ला एसडब्ल्यूआर अडीच-तीन दिसेल. एवढ्यासाठी केबलमध्ये जादा एक डीबीही जात नाही आणि रेडिओतला ऑटो ट्यूनर ३:१ पर्यंत जुळवतोच. ट्यूनरने करावं असं काम ते हेच. ८० मीटरवर उलट बाजू: तार निम्मीच पडते, मध्यावरचा रोध खूप खाली जातो आणि कोॲक्समधून तिथे शक्ती पोहोचवणं २० मीटरपेक्षाही वाईट.

आता जोडणी. बहुतेक ठिकाणी रेडिओ, एसडब्ल्यूआर मीटर, ट्यूनर, मग स्विच आणि शेवटी अँटेना असा क्रम सांगतात. तो चालतो. पण तुमच्या तीन अँटेना पाहता मी तो सुचवणार नाही. स्विच मीटरच्या लगेच पुढे लावा. पहिल्या जागी व्हर्टिकल थेट. दुसऱ्या जागी डायपोल थेट. तिसऱ्या जागी मोठा ट्यूनर आणि त्याच्या पुढे फक्त लाँगवायर. चौथी जागा रिकामी असेल तर तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध. काही शंका आली की आधी डमी लोडवर जाऊन बघायचं. तिथे काटा १:१ दाखवत नसेल तर दोष गच्चीवर नाही, टेबलावर आहे.

याने दोन गोष्टी साधतात. ज्या अँटेनाला ट्यूनर नको, तिच्या वाटेत तो येतच नाही. बायपासचं बटण दाबायचं राहून गेलं, असा प्रसंग येत नाही. आणि स्विचला कायम ५० ओहमच्या आसपासच काम करावं लागतं. ही दुसरी गोष्ट मी महागात शिकलो. माझा स्विच आधी ट्यूनरच्या पुढे होता, साधाच, आत तपकिरी फायबरची चकती असलेला. १०० वॅट ५० ओहमवर म्हणजे ७१ व्होल्ट, शिखरावर १००. तेच १०० वॅट तीन हजार ओहमच्या लाँगवायरवर म्हणजे ५४८ व्होल्ट, शिखरावर पावणेआठशेच्या जवळपास. श्रावणातल्या एका ओलसर संध्याकाळी आतून तडतड आवाज आला आणि काटा नाचायला लागला. उघडून पाहिलं तर दोन टोकांच्या मधे चकतीवर केसासारखी काळी रेघ उमटलेली. ती रेघ म्हणजे कार्बन. एकदा उमटली की पुढच्या वेळी निम्म्या व्होल्टेजलाही ठिणगी तिथूनच जाते. खरवडून उपयोग होत नाही, स्विच टाकूनच द्यावा लागतो.

स्विच कुठेही लावा, ट्रान्समिट चालू असताना फिरवू नका. मधल्या क्षणाला रेडिओपुढे काहीच नसतं.

दोन ट्यूनर एकाच वेळी चालू ठेवू नका, हेही इथेच सांगतो. मोठा ट्यूनर वाटेत असेल तेव्हा रेडिओतला बंद. नाहीतर आतला ट्यूनर बाहेरच्याची चूक झाकतो आणि तुम्हाला खोटं १:१ दिसतं. ऑटो ट्यूनरची आठवण हाही घोटाळा असतो. बरेच रेडिओ फ्रिक्वेन्सीप्रमाणे जुनी जुळणी लक्षात ठेवतात, पण तुम्ही बाहेरच्या स्विचने अँटेना बदललीत हे त्याला कसं कळणार? तो डायपोलची जुळणी व्हर्टिकलला लावतो. अँटेना बदलली की ट्यूनचं बटण पुन्हा दाबायचं किंवा तो बंद ठेवायचा.

लाँगवायरवर थोडा जास्त वेळ देतो, कारण तुमचा मोठा ट्यूनर खऱ्या अर्थाने तिच्यासाठी आहे. ती किती लांब आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. २० मीटर असेल तर ४० मीटर बँडवर ती बरोबर अर्धा तरंग होते आणि ट्यूनरजवळच्या टोकाला कित्येक हजार ओहम येतात. ट्यूनर धापा टाकतो, ठिणग्या पडतात. साडेसतरा मीटर करून बघा. ४०, २०, १५ आणि १० या चारही बँडवर ती अर्ध्या तरंगाच्या कुठल्याच पटीला येत नाही. जादा तार कापू नका, आधी दुमडून बांधा, चालली की मग कापा.

तिला दुसरी बाजू द्यायला विसरू नका. नुसती तार ट्यूनरच्या टर्मिनलला लावली तर परतीचा करंट तुमच्या माइकच्या वायरमधून, पॉवर सप्लायमधून, मिळेल त्या वाटेने येतो. माइक ओठाला लागला की चुणचुणतं ते यामुळेच. ट्यूनरच्या अर्थ टर्मिनलपासून १० मीटर इन्सुलेटेड तार ४० साठी आणि ५ मीटर २० साठी, भिंतीकडेने जमिनीलगत सोडा. त्यांच्या मोकळ्या टोकांवर टेप गुंडाळा, तिथेही व्होल्टेज असतं. आणि वरची तार हाताच्या टप्प्याबाहेर हवी. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, बायका-मुलं दिवसभर वर असतात. तारेला हात लागला तर १०० वॅटलाही त्वचा भाजते, आणि ती जखम आतपर्यंत जाते. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आता तो हाताने फिरवायचा ट्यूनर. आत दोन कपॅसिटर आणि मधे कॉइल, म्हणजे टी जोडणी असणार, हाताने फिरवायच्या बहुतेक ट्यूनरमध्ये तीच असते. या जोडणीची गोम अशी की एकाच अँटेनाला १:१ देणाऱ्या अनेक जागा सापडतात आणि त्यातल्या काही वाईट असतात. काटा सगळीकडे सारखाच खाली जातो, फरक कॉइलमध्ये किती शक्ती जळते यात असतो. नियम सोपा: कपॅसिटर जास्तीत जास्त, कॉइल कमीत कमी. झाकण एकदा उघडून बघा, बटणाच्या कुठल्या आकड्याला कपॅसिटरच्या प्लेटा एकमेकींत पूर्ण शिरलेल्या आहेत. काही ट्यूनरवर तो ० असतो, काहींवर १०. तिथून सुरुवात करायची. आधी ट्रान्समिट न करता कॉइलची एकेक जागा बदलत कानाने ऐका, आवाज जिथे एकदम भरून येतो तिथे थांबा. मग ५ ते १० वॅटची कॅरियर (आवाजाशिवायची नुसती लहर), मोकळी फ्रिक्वेन्सी बघून आणि आपला कॉल सांगून, आणि कपॅसिटर थोडेथोडे कमी करत काटा खाली आणा. जुळेना तर कॉइल एक पायरी वाढवा आणि पुन्हा पहिल्यापासून. बटण केसभर हललं तरी काटा उसळत असेल, किंवा पाच मिनिटांच्या बोलण्यानंतर झाकण कॉइलच्या वर गरम लागत असेल, तर तुम्ही चुकीच्या जागेवर आहात. पूर्ण वॅट जुळणी झाल्यावरच. १०० वॅटवर बटणं फिरवत बसलात तर कपॅसिटरच्या कडा जळतात.

सापडलेले आकडे वहीत लिहा: बँड, अँटेना, तिन्ही बटणं, तारीख. तारीख मुद्दाम सांगतोय. लाँगवायरचे आकडे सोलापुरात मे महिन्यात एक असतात आणि ऑगस्टमध्ये दुसरे. आपली काळी माती मेमध्ये इतकी फाटते की भेगेत बोट जातं, अर्थच्या सळईपासून माती सुटते. पहिल्या दोन-तीन पावसांत ती पुन्हा आवळून बसते. माझ्या वहीत दोन रकाने आहेत, उन्हाळी आणि पावसाळी. तुमची व्हर्टिकल स्वतःच्या चार रेडियल तारांवर (बुडापासून चहूकडे पसरलेल्या) उभी असेल तर तिला एवढा फरक पडत नाही.

पावसावरून आठवलं, आणि हे काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं. उन्हाने केबलचं आवरण आणि जोडावरचा टेप तडकतो, मग वळवाच्या पहिल्याच सरीत पाणी आत शिरतं. ओली केबल शक्ती गिळते, परतीचीही गिळते. म्हणून एसडब्ल्यूआर वाढत नाही, उलट सुधारतो. वर्षभर १.८ दाखवणारी अँटेना एका सकाळी १.२ दाखवायला लागली तर आनंदाने रेडिओ लावून बसू नका. वर जा, कनेक्टर उघडा, आतली जाळी काळी किंवा हिरवट झाली आहे का बघा. झाली असेल तर नुसता कनेक्टर बदलून भागत नाही, जाळी चकचकीत दिसेपर्यंत केबल मागे कापत यावी लागते.

वळीव म्हटलं की वीज आलीच. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग भरून आले की तिन्ही केबल काढून खिडकीबाहेर अर्थच्या पट्टीला लावा. स्विच मधल्या जागेवर ठेवला म्हणजे रेडिओ सुटा झाला असं समजू नका. ट्यूनरही काही वाचवत नाही.

तुम्हाला एका डायपोलवर खरंच सगळे बँड हवे असतील तर मार्ग आहे, तो कोॲक्स काढून टाकण्याचा. डायपोलच्या मध्यापासून शिडीसारखी दोन तारांची लाइन खाली आणायची. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन तारा १२ सेंटिमीटर अंतरावर धरल्या की ६०० ओहमची लाइन होते. तिच्यावर २० मीटरला एसडब्ल्यूआर चार-पाच राहतो, पण तारांमध्ये हवा असल्याने नुकसान इतकं कमी की मोजायला जाऊ नये. मी माझी लाइन पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्याकडून टाकाऊ प्लास्टिकच्या कांड्या आणून केली. पांढऱ्या निवडल्या, काळ्या रंगात कार्बन असण्याची शक्यता असते. १३ सेंटिमीटरचे तुकडे कापले, दोन्ही टोकांना अर्धा सेंटिमीटर आत भोकं पाडली आणि दर अर्ध्या मीटरला एक तुकडा घातला. एक रविवार गेला. ती लाइन अजून आहे, अधूनमधून तुकडे बदलावे लागले एवढंच.

ही लाइन लोखंडी कठड्याला, पाइपला चिकटवून आणू नका, वेटोळं करून ठेवू नका, मोकळी हवेत लोंबत आणा. ट्यूनरच्या बॅलन्स्ड टर्मिनलला जोडा. ट्यूनरमधला ४:१ बॅलन (दोन तारांची लाइन ट्यूनरला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) एखाद्या बँडवर तापत असेल तर बाहेर फेराइटवर गुंडाळलेला १:१ करंट बॅलन लावून बघा, मला तो जास्त भरवशाचा वाटतो. एखादा बँड काही केल्या जुळत नसेल तर लाइन दीड-दोन मीटरने लांब करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं. असं केलंत तर मोठ्या ट्यूनरवर डायपोल येईल आणि लाँगवायर उतरवता येईल. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. छोट्या गच्चीवर तीन तारा एकमेकींजवळ असल्या की एकीची शक्ती दुसरीत शिरते, आणि न वापरलेली अँटेना मोकळी आहे की अर्थला लावलेली, यावरही शेजारणीची जुळणी बदलते.

ट्यूनरने होत नाही असं आणखी एक: आजूबाजूचा गोंगाट कमी होणं. मागांच्या मोटारी, एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर यांची खरखर अँटेनातूनच येते. जुळणी सुधारली की सिग्नल वाढतो तशी खरखरही वाढते. ऐकताना मात्र तीन अँटेनांचा फायदा घ्या. एकाच स्टेशनवर स्विच फिरवून बघा, कुठल्या अँटेनावर सिग्नल आणि खरखर यांत जास्त अंतर आहे. ४० मीटरवर पुणे-मुंबईसाठी तुमचा सहा-सात मीटर उंचीचा डायपोल बहुधा जिंकेल, कारण तो वरच्या दिशेने फेकतो आणि अडीचशे-चारशे किलोमीटरला तेच हवं असतं. २० वर युरोपसाठी व्हर्टिकल.

या रविवारी एवढं करा. स्विच मीटरच्या पुढे आणा, डमी लोडवर काटा तपासा, मग डायपोल आणि व्हर्टिकल ट्यूनरशिवाय प्रत्येक बँडवर ५ वॅटला मोजून आकडे लिहा. लाँगवायरची लांबी टेपने मोजा, अंदाजाने नको. डायपोलच्या मध्यावरचा जोड उघडून केबलची जाळी कशी दिसते ते पाहा आणि हे सगळे आकडे मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.